‘ल दर्निए मेत्रो’मध्ये युद्ध नेमके कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रांस्वा त्रुफो यांचा ‘ल दर्निए मेत्रो’, म्हणजे ‘शेवटची मेट्रो’, हा १९८० चा चित्रपट जर्मनव्याप्त पॅरिसवरचा महत्त्वाचा चित्रपट म्हणून शिकवला जातो. पण दोन तास अकरा मिनिटांत तुम्हाला त्यात तालमी, कपडेपट आणि एका स्त्रीच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन पुरुष एवढेच दिसले. मग युद्ध कुठे आहे, दिग्दर्शकाने ते टाळले आहे का, आणि शेवटच्या प्रसंगात प्रेक्षकाला चकवण्याचे कारण काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. चौतीस वर्षे नाटकाच्या मागच्या बाजूला काढली आहेत. सुरुवात प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे विंगेतून नटांना संवाद आठवून देणारा म्हणून केली, पुढे रंगमंच व्यवस्था सांभाळली आणि अलीकडे दिग्दर्शन शिकवतो. त्यामुळे माझे उत्तर नाटकवाल्याचे आहे, आणि माझ्या मते या चित्रपटाला तेच लागू पडते. त्रुफोंनी युद्ध टाळलेले नाही. नाट्यगृह चालवताना रोज जी कामे करावी लागतात, त्या कामांमध्ये त्यांनी ते मुरवले आहे. ज्याने कधी प्रयोगाची परवानगी आणलेली नाही, दिवे गेल्यावर प्रेक्षक थोपवलेले नाहीत किंवा शेवटची गाडी चुकेल म्हणून तिसऱ्या अंकाची लांबी मोजलेली नाही, त्याला ते सहजासहजी दिसत नाही, आणि तो दोष पाहणाऱ्याचा आहे असेही मला म्हणायचे नाही.

आधी प्रसंग समोर मांडून घेऊ. काळ १९४२ चा. जून १९४० पासून पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे. मोंमार्त्र नावाच्या एका काल्पनिक नाट्यगृहाचा मालक आणि दिग्दर्शक ल्युकास स्टायनर हा जर्मनीतून आलेला ज्यू आहे. तो दक्षिण अमेरिकेला निसटला असे साऱ्यांना वाटते; प्रत्यक्षात तो आपल्याच नाट्यगृहाच्या तळघरात लपला आहे आणि ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, मारियोंला ठाऊक आहे. कॅथरीन दनव यांची मारियों दिवसा नाट्यगृह चालवते, नायिकेची भूमिका करते, झोपायला हॉटेलात राहते आणि सगळे घरी गेल्यावर अन्न घेऊन तळघरात उतरते. नवे नाटक एका नॉर्वेजियन लेखिकेचे म्हणून दाखवले आहे, दिग्दर्शन ल्युकासचा सहकारी जाँ-लू करतो, आणि नायकाच्या भूमिकेसाठी बेर्नार ग्रांजे हा तरुण नट येतो. तो आधी ग्रां गिन्योल या भयनाट्याच्या रंगमंचावर काम करत असतो. ही भूमिका जेरार देपार्दिय यांनी केली आहे.

आता बेर्नार नोकरीसाठी येतो तो प्रसंग पुन्हा पाहा. तो बाहेर थांबलेला असताना आत एका ज्यू नटाला काम नाकारले जात आहे आणि ते त्याच्या कानावर पडते. आवाज चढलेले नाहीत, कोणी कोणाला अपमानास्पद बोलत नाही. कागद नाही म्हणून काम नाही, एवढाच व्यवहार आहे. नाकारणारी बाई कोण, तर जिचा स्वतःचा ज्यू नवरा त्याच इमारतीच्या पोटात बसलेला आहे ती. हे आपल्याला नंतर कळते, आणि कळल्यावर तो प्रसंग मागे जाऊन बदलतो. तिने धैर्य दाखवून त्या नटाला घेतले असते, तर चौकशी आली असती, आणि चौकशी तळघरापर्यंत गेली असती. बेर्नारला यातले काही माहीत नाही. त्याला ती थंड, हिशेबी मालकीण वाटते, आणि करार हाती घेताना आपण ज्यू नसल्याचे निवेदन त्याला स्वतःलाही द्यावे लागते. ताब्यातले शहर म्हणजे काय, हे मला रणगाड्यांच्या कोणत्याही दृश्यापेक्षा या सहीने अधिक समजावले. नट सही कशावर करतो? मानधनावर, तारखांवर, दौऱ्याच्या अटींवर. त्याच कागदात आणखी एक ओळ येते आणि टेबल, दौत, खुर्ची सगळे जागच्या जागी राहते.

परवानगीचेही तसेच. व्याप्त पॅरिसमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता जर्मन प्रचारखात्याच्या परीक्षणातून जात असे. चित्रपटात जाँ-लू त्यासाठी दाक्सिया नावाच्या समीक्षकाची मर्जी राखतो, त्याच्याबरोबर जेवतो, त्याचे ऐकून घेतो. आपल्याकडे महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते हे कोणत्याही निर्मात्याला ठाऊक आहे, आणि तो कायदा ब्रिटिशांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर घातलेल्या बंधनांच्या वंशातला आहे; खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती त्याच काळातली. दोन्हींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पॅरिसमध्ये परवानगी देणाऱ्या हातामागे तुरुंग आणि छळछावण्या होत्या. मात्र संहितेची प्रत घेऊन कोणाच्या तरी दारात ताटकळणे, त्या माणसाला नाटक आवडो अशी मनातल्या मनात प्रार्थना करणे आणि त्याला ते आवडले की स्वतःचीच थोडी लाज वाटणे, ही भावना मी अनुभवली आहे, म्हणून जाँ-लूचे हसणे मला वाचता येते. जाँ पोआरे यांनी ते हसू ओठांवर ठेवले आहे, डोळ्यांपर्यंत जाऊ दिलेले नाही.

चित्रपटाच्या नावाकडे वळू. रात्री संचारबंदी असे, तिच्याआधी शेवटची मेट्रो सुटे, आणि ती चुकली तर रस्त्यावर पकडले जाण्याची भीती. प्रेक्षक घड्याळ पाहत नाटक पाहत असत आणि नाटकवाले घड्याळ पाहत करत असत. दादरच्या शिवाजी मंदिरात रात्रीच्या प्रयोगाला शेवटच्या अंकात मागच्या रांगांमधून खुर्च्यांचा जो आवाज सुरू होतो, तो ऐकलेल्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे फार तर कर्जत लोकल चुकते. तरीही त्या काळात पॅरिसची नाट्यगृहे भरलेली असत. एक कारण अगदी साधे होते: घरात कोळसा नव्हता आणि शेकडो माणसे एकत्र बसली की थोडी ऊब मिळे. त्रुफोंनी सुरुवातीच्या निवेदनातच हे सांगून टाकले आहे. याच मेट्रोत १९४२ च्या जूनपासून ज्यूंना शेवटच्या डब्यातच बसावे लागे. त्याच महिन्यापासून कपड्यावर पिवळा तारा सक्तीचा झाला आणि जुलैमध्ये त्यांना नाट्यगृहे, चित्रपटगृहे, उपाहारगृहे बंद झाली. म्हणजे चित्रपटाच्या नावातली गाडी दोन प्रकारच्या प्रवाशांसाठी दोन वेगळ्या गोष्टी होती. वेशभूषेच्या कामात असलेली ज्यू मुलगी गळ्यातल्या रुमालाने तारा झाकून नाटकाला येते, ते दृश्य क्षणभराचे आहे. पण तेवढ्या एका गाठीत कायद्याचे अख्खे कलम बांधलेले आहे.

विजेचेही हाल होते. १९४४ मध्ये गोमों पालास या पॅरिसच्या प्रचंड चित्रपटगृहात सायकली चालवून डायनामोने वीज तयार केली जात असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एका तालुक्याच्या गावी आमच्या दुसऱ्या अंकात दिवे गेले होते तेव्हा आम्ही दोन जीपगाड्या मंडपाच्या तोंडाशी लावून त्यांच्या उजेडात प्रयोग पुरा केला होता. त्या रात्री कळले की, उजेड एकाच बाजूने आणि खालून आला की नट आपोआप हळू बोलू लागतात आणि प्रेक्षक पुढे झुकतात. टंचाईने नाटक बिघडतेच असे नाही. या चित्रपटातली माणसे टंचाईवर रडत नाहीत याचे कारण मला त्यात दिसते. ती काम करणारी माणसे आहेत आणि त्यांचे लक्ष पुढच्या अडचणीवर असते.

आता तळघराकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळा चित्रपट तिथे आहे.

ल्युकासची सुटका ठरलेली असते. वाटाड्या मिळालेला असतो, बिगरव्याप्त भागात उतरायचे असते. ११ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन सैन्य त्या भागातही शिरते आणि जायला जागाच उरत नाही. तळघर आता काही रात्रींचा मुक्काम राहत नाही, ते घर होते. अशा वेळी त्याला एक शोध लागतो. गरम हवेच्या जुन्या नळीतून रंगमंचावरचे बोलणे खाली ऐकू येते. तो नळीशी कान लावून बसतो आणि तालमीवर टिपणे काढू लागतो. मारियों ती टिपणे आपल्या सूचना म्हणून वर पोचवते. आपले नाटक दोघे जण बसवत आहेत आणि त्यातल्या एकाने रंगमंच पाहिलेलाच नाही, हे वरच्या कोणालाही कळत नाही.

तुम्ही दिग्दर्शन शिकत आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो तेव्हा त्याला अर्धा रंगमंच दिसत नाही आणि डोळे वहीत असतात. पहिली दोन वर्षे मला वाटायचे की मी नाटकाला मुकतो आहे. नंतर ध्यानात आले की मला प्रेक्षकांपेक्षा जास्त कळते आहे. संवाद विसरणारा नट विसरण्याच्या आधी नेहमीपेक्षा अर्धा श्वास जास्त घेतो. खोटे बोलणारा नट वाक्याच्या शेवटी उतरत नाही, वर जातो. आणि दोन नटांचे खरोखर जुळले असेल तर एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतली फट रोज थोडी थोडी लहान होत जाते. कोणी ठरवून ती तशी करू शकत नाही. आमच्या एका नाटकात नायक-नायिकेचे प्रेम जमले आहे हे मला कंपनीत सर्वांत आधी कळले ते एवढ्यावरूनच, आणि मी चार महिने तोंड उघडले नव्हते.

ल्युकासला तेच ऐकू येते. बेर्नार आणि मारियों यांना त्याने एकत्र पाहिलेले नाही, फक्त ऐकले आहे. पुढे तळघराची झडती घ्यायला माणसे येतात तेव्हा मारियोंला बेर्नारची मदत घ्यावीच लागते. तो खाली उतरतो, सामान लपवतो आणि ज्याच्या डोक्यावरच्या रंगमंचावर आपण रोज उभे राहून संवाद म्हणत आलो त्या माणसाला पहिल्यांदा भेटतो. वेळ अशी की वर बुटांचे आवाज आहेत. अशा क्षणी ल्युकास त्याला सांगतो की माझी बायको तुमच्यावर प्रेम करते, आणि विचारतो की तुमचे तिच्यावर आहे का. हा प्रश्न अनेकांना नाटकी वाटतो. मला वाटत नाही, कारण तो मत्सराने विचारलेला नाही. हाइन्झ बेनंट यांनी तो ज्या कोरड्या, जवळजवळ चौकशीच्या सुरात विचारला आहे तो दिग्दर्शकाचा सूर आहे: जे मला ऐकू आले ते बरोबर आहे ना, एवढेच त्याला पडताळायचे आहे. ज्याचे सगळे काढून घेतले गेले त्याच्याजवळ कान उरला आहे, आणि कानाने त्याला फसवलेले नाही याचा त्याला एक प्रकारचा अभिमानही आहे.

याच तळघरात तो एकदा नकली नाक लावून बसतो. वर्तमानपत्रे आणि रेडिओ ज्यू कसा ओळखावा हे रोज सांगत असतात, तेव्हा ज्यू असणे म्हणजे काय वाटते ते तो नटासारखे करून पाहतो. रंगभूषेच्या पेटीतले एक नाक, समोर आरसा, बाहेर शहरात जुलैच्या दोन दिवसांत तेरा हजारांवर ज्यूंची धरपकड होऊन गेलेली. त्रुफो इथे थांबत नाहीत, संगीत चढवत नाहीत, मारियों येते आणि प्रसंग पुढे जातो. तुम्ही युद्ध शोधत होता. ते या नाकात आहे.

दाक्सियाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण तो कल्पनेतून आलेला नाही. आलँ लोब्रो नावाचा समीक्षक ‘ज स्वी पार्तू’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकात लिहीत असे आणि त्याच्या लेखणीला पॅरिसची नाट्यगृहे घाबरत. १९४१ मध्ये जाँ कोक्तो यांचे ‘ला माशीन आ एक्रीर’ हे नाटक आले तेव्हा त्याने कोक्तोंवर आणि त्यात काम करणाऱ्या जाँ मारे यांच्यावर अत्यंत हीन भाषेत हल्ला केला, आणि मारे यांनी त्याला नाट्यगृहाजवळच्या उपाहारगृहात गाठून चोपले. पुढे लोब्रोने स्वतः एक नाटक लिहिले आणि त्यावर टोपणनाव घातले ते मिशेल दाक्सिया. त्रुफोंनी हेच नाव उचलले. युद्धानंतर लोब्रो स्पेनला पळाला, फ्रान्समध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला, आणि तो १९६८ मध्ये माद्रिदमध्ये मेला.

चित्रपटात दाक्सिया नव्या नाटकाविरुद्ध विषारी परीक्षण लिहितो आणि बेर्नार त्याला उपाहारगृहातून बाहेर ओढून पावसात मारतो. चित्रपटगृहात इथे टाळ्या पडतात. फिल्म सोसायटीत मी स्वतः त्या ऐकल्या आहेत. पण त्रुफो लगेच मारियोंचा चेहरा दाखवतात आणि ती संतापाने बेर्नारशी बोलणे टाकते. त्याने आपल्या सन्मानासाठी हात उचलला हे तिला समजत नाही असे नाही. मात्र दाक्सियाला तिचे नाट्यगृह गिळायचे आहे, त्याच्याजवळ कायदा आणि ओळखी दोन्ही आहेत, आणि दुखावलेला दाक्सिया म्हणजे झडती. जाँ मारेंच्या आयुष्यातली जी घटना शौर्याची आख्यायिका म्हणून सांगितली जाते, तिच्याखाली त्रुफोंनी एक तळघर खणले आणि तिचा अर्थ फिरवला. योग्य कृत्य करणाऱ्या माणसाला आपल्या पायाखाली कोण बसले आहे हे माहीत नसते. माझ्या मते पटकथेची ही सर्वांत हुशार जागा आहे, आणि त्रुफो आणि सुझान शिफमन यांनी ती कोणाच्याही तोंडी न घालता नुसती रचून ठेवली आहे.

खऱ्या पॅरिसमधली रंगभूमी त्या वर्षांत कशी होती हेही माहीत असावे, नाहीतर मोंमार्त्र नाट्यगृह एखाद्या बेटासारखे वाटते. सारा बर्नार या ज्यू वंशाच्या अभिनेत्रीच्या नावाचे नाट्यगृह होते, त्याचे नाव बदलून तेआत्र द ला सिते केले गेले, आणि त्याच रंगमंचावर शार्ल दुलँ यांनी जून १९४३ मध्ये सार्त्र यांचे ‘ले मूश’ केले, ज्यात अनेकांना जुलमाविरुद्धचा आवाज ऐकू आला. म्हणजे एका अन्यायाच्या पाटीखाली त्या अन्यायाविरुद्धचे नाटक, तेही जर्मन परवानगीने. १९४३ च्या नोव्हेंबरात कोमेदी फ्रान्सेझमध्ये जाँ-लुई बारो यांनी क्लोदेल यांचे सुमारे पाच तासांचे ‘ल सुलिए द सातँ’ उभे केले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या आतलिए नाट्यगृहात अनुई यांची ‘आँतिगोन’ आली. तीत कोणाला राजसत्तेला नकार देणारी मुलगी दिसली, कोणाला राज्य चालवण्याची अपरिहार्यता. दुसऱ्या बाजूला लुई जूवे यांनी १९४१ मध्ये आपली मंडळी घेऊन फ्रान्स सोडले आणि युद्ध संपेपर्यंत ते लॅटिन अमेरिकेत प्रयोग करत राहिले. ल्युकासबद्दल जी अफवा पसरवली जाते ती त्यांच्यावरून सुचली असावी असे मला वाटते. आरी बोर या थोर नटाला जर्मनांनी पकडून छळले आणि सुटकेनंतर तो १९४३ मध्ये मरण पावला. मुक्ती जवळ आली तशी उलटी झडतीही सुरू झाली. ऑगस्ट १९४४ मध्ये साशा गित्री या नाटककार-नटाला पायजम्यातच घरातून उचलले गेले. चित्रपटात जाँ-लूला जशी अटक होते, तिथे फ्रेंच प्रेक्षक ओळखीचे हसला असणार. नाटक चालू ठेवणे हे सहकार्य होते की प्रतिकार, या प्रश्नाचे उत्तर त्या शहराने तेव्हा रस्त्यावर दिले, तेही बरेचदा चुकीचे. त्रुफो जाँ-लूवर निकाल देत नाहीत. त्यांनी त्याला समलिंगी दाखवले आहे, आर्लेत या वेशभूषाकार स्त्रीचाही कल तसाच. आणि लोब्रोसारख्यांना ज्यूंइतकाच या लोकांचाही तिटकारा होता हे लक्षात घेतले की, दाक्सियाबरोबर जेवताना जाँ-लू किती पातळ बर्फावर बसलेला असतो ते कळते.

तुमच्या आक्षेपात तथ्य आहेच, आणि ते मी झाकणार नाही. चित्रपट मऊ आहे. ज्या नटाला काम नाकारले त्याचे पुढे काय झाले हे आपल्याला कळत नाही. कंपनीतली माणसे फार चांगली आहेत. माझ्या अनुभवात इतकी समजूतदार नाटक मंडळी शांततेच्या काळातही मिळत नाही, मग उपासमारीत तर राहूच द्या. कोणी चहाडी करत नाही, आणि त्या काळातल्या पॅरिसमध्ये निनावी चहाड्यांची पत्रे हा रोजचा प्रकार होता. मार्सेल ओफ्युल्स यांच्या १९६९ च्या माहितीपटाने आणि लुई माल यांच्या १९७४ च्या ‘लाकोंब ल्युसियँ’ने फ्रेंचांना आपल्याच लोकांचा जो चेहरा दाखवला होता, त्यापुढे हा चित्रपट सांत्वन करतो असे तेव्हाही म्हटले गेले. ज्या त्रुफोंनी १९५४ मध्ये एका लेखात स्टुडिओतल्या गुळगुळीत, ‘दर्जेदार’ फ्रेंच चित्रपटांना झोडपले होते त्यांनीच असा चित्रपट करावा, यावरही टोमणे झाले. लोकांनी मात्र तो उचलून धरला: फ्रान्समध्ये तीस लाखांहून अधिक तिकिटे खपली आणि सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांपैकी दहा त्याला मिळाले. प्रदर्शनानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९८० ला, पॅरिसच्या र्‍यू कोपेर्निकवरच्या ज्यू प्रार्थनागृहाबाहेर बाँब फुटला. त्या आठवड्यात हा चित्रपट पाहणाऱ्याला तो निव्वळ आठवणींचा वाटला नसेल.

मऊपणाचे माझे स्पष्टीकरण असे आहे, आणि ते स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. त्रुफो १९३२ साली जन्मले. शहर पडले तेव्हा आठ वर्षांचे आणि सुटले तेव्हा बारा वर्षांचे. चित्रपटात सुरुवातीलाच एक जर्मन सैनिक रस्त्यावरच्या लहान मुलाच्या केसांवरून हात फिरवतो आणि आई त्याला डोके धुवायला पाठवते. तो सगळा काळ त्रुफोंनी त्या उंचीवरून पाहिला होता. मुलाला कारणे कळत नाहीत. थंडी, अंधार, काळ्या बाजारातले मांस, मोठ्यांचे कुजबुजणे आणि चित्रपटगृहातली ऊब कळते. आल्मेंद्रोस यांचे छायाचित्रण तपकिरी आणि मेणबत्तीच्या रंगाचे आहे. दिवसाचा उजेड जवळजवळ नाहीच. क्लिशी इथल्या एका बंद पडलेल्या चॉकलेट कारखान्यात सेट उभारून बरेचसे चित्रण केले गेले, आणि रस्तासुद्धा नेपथ्यासारखा दिसतो. पहिल्या वेळी मला तो खोटेपणा खटकला. तिसऱ्या वेळी उमगले की बाहेरचे शहर नेपथ्यासारखे दिसत असल्यानेच शेवटची युक्ती शक्य होते.

आता ती युक्ती. शहर मुक्त होते. मारियों रुग्णालयात जखमी बेर्नारला भेटायला जाते. ती प्रेमाची याचना करते, तो ते सारे संपले असे सांगतो, आणि आपल्याला वाटते की गोष्ट अशी कडू संपणार. नीट पाहा: सुरुवातीला त्यांच्यामागच्या खिडकीतून बाहेरची माणसे हलताना दिसतात. संवाद चालू असतानाच ती खिडकी रंगवलेली होते. मग पडदा पडतो, टाळ्या वाजतात, आणि आपण नव्या नाटकाचा शेवटचा प्रवेश पाहत होतो हे कळते.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना ही फसवणूक वाटते. त्यांना मी एवढेच विचारतो की, तुम्ही खिडकीकडे का पाहिले नाहीत? दोन तास तुम्हाला रंगवलेले पडदे, सांधे दिसणाऱ्या भिंती, मागून टेकू दिलेली दारे दाखवलेली होती. तरीही माणूस दुखात बोलू लागला की आपण मागचे नेपथ्य पाहणे सोडतो, आणि नाटक याच एका भरवशावर उभे असते. शिवाय त्या प्रवेशातले शब्द खोटे असले तरी त्यातली वेदना उसनी नाही; वर्षभर ज्यांना एकमेकांशी खरे बोलता आले नाही, त्यांना आता ते बोलायला संहिता मिळाली आहे. त्रुफोंनी अशीच एक उसनवारी आधीही केली आहे: तळघरावरच्या नाटकात प्रेम हे सुखही आहे आणि यातनाही, असा जो संवाद आहे तो त्यांच्याच १९६९ च्या ‘ला सिरेन द्यु मिसिसिपी’मधून आलेला आहे, आणि तिथेही समोर दनवच होत्या.

पडदा पुन्हा वर जातो तेव्हा ल्युकासला प्रेक्षागृहातून रंगमंचावर बोलावले जाते. नाट्यगृह त्याचे, नाटक त्याचे, तरी या नाटकाचा उजेड त्याच्या अंगावर पहिल्यांदाच पडतो आहे. आधी मारियों आणि बेर्नार हात धरून उभे असतात. मग ती मध्ये सरकते, एका हातात नवऱ्याचा हात घेते, दुसऱ्या हातात नटाचा, आणि तिघे वाकून प्रेक्षकांना अभिवादन करतात. पुढच्या वेळी चित्रपट लावाल तेव्हा या क्षणी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता दोन्ही हातांच्या पकडीकडे पाहा, आणि कोणता हात आधी सैल होतो ते मला कळवा. मला अजून ठरवता आलेले नाही.